मामा कोणाचा, भाचा कोणाचा: फंक्शनल आणि लॉजिक भाषांची सोयरीक

गेल्या हिवाळ्यात चुलतबहिणीच्या लग्नाला साताऱ्याला गेले होते. सात वर्षांनी घरचं लग्न. मांडवात शिरते न शिरते तोच आत्याने एका गृहस्थांसमोर उभं केलं आणि विचारलं, "ओळखलंस का?" अर्थातच ओळखलं नव्हतं. "अगं, हे राधाचे धाकटे मामा!" (नावं बदलली आहेत, मामा खरे आहेत.)

मग दिवसभर मी आत्याला छळत होते. कधी विचारायचे, "राधाचे मामा किती?" तर कधी उलटं, "हे जे मामा म्हणून मिरवतायत, ते कोणाकोणाचे मामा?" दोन्ही उत्तरं तिच्या तोंडावर तयार. 'कोणाचे मामा कोण' आणि 'कोणाचे भाचे कोण' अशा दोन वेगळ्या याद्या काही तिच्या डोक्यात नाहीत. कोणाची आई कोण आणि कोणाचा भाऊ कोण, एवढंच तिला माहीत आहे. बाकी सगळं ती त्यातून काढते, हव्या त्या बाजूने.

माझं संशोधन साधारण याच गोष्टीवर आहे. पॉडकास्टच्या मागच्या भागात मी 'फंक्शनल-लॉजिक भाषा' असा शब्द घाईघाईत वापरून पुढे गेले, आणि त्यावर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं: दोन प्रकारच्या भाषा एकत्र करायच्या म्हणजे नक्की काय करायचं? एकीतलं थोडं, दुसरीतलं थोडं घेऊन कालवलं की झालं, असं नाही का? नाही. आणि का नाही, हे मला स्वतःला पीएचडीच्या शेवटच्या वर्षात चांगलंच महागात पडून कळलं. ते पुढे सांगते. आधी दोन्ही घराण्यांची ओळख.

दोन घराणी

दोन्ही भाषा 'डिक्लेरेटिव्ह' गटातल्या. म्हणजे 'आधी हे कर, मग ते कर' अशी पायरीन्‌पायरी सांगायची नाही. काय खरं आहे किंवा काय हवंय ते सांगायचं, आणि कसं करायचं ते बहुतांशी भाषेवर सोपवायचं.

फंक्शनल घराण्याची सुरुवात १९५०च्या दशकाच्या अखेरीस जॉन मॅकार्थी यांच्या लिस्पपासून धरतात. सगळा प्रोग्रॅम म्हणजे फंक्शन्स: काहीतरी आत द्या, एक उत्तर बाहेर येईल. पुढे १९९० मध्ये हॅस्केल भाषेचा पहिला अहवाल निघाला. हॅस्केल आळशी आहे, आणि हे मी कौतुकाने म्हणतेय. एखाद्या गोष्टीचं उत्तर खरोखर लागेपर्यंत ती काढतच नाही, आणि एकदा काढलं की जपून ठेवते, पुन्हा काढत बसत नाही. ही दुसरी सवय लक्षात ठेवा. लेखाचा खलनायक तीच आहे.

लॉजिक घराणं जरा धाकटं. जॉन ॲलन रॉबिन्सन यांनी १९६५ मध्ये तर्काने सिद्धता शोधण्याची एक यांत्रिक पद्धत मांडली. तिच्या मुळाशी 'युनिफिकेशन' आहे: दोन वाक्यांतल्या रिकाम्या जागा अशा भरायच्या की दोन्ही वाक्यं एकसारखी होतील. एडिनबरात रॉबर्ट कोवाल्स्की यांनी तर्काकडे प्रोग्रॅम म्हणून बघायला शिकवलं, आणि १९७२च्या सुमारास फ्रान्सच्या मार्सेल शहरात ॲलाँ कोल्मेरोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोलॉग ही भाषा घडवली. इथे फंक्शन नाही, नातं आहे. 'राधाचा मामा वसंत' हे एक विधान, आणि त्यातला कोणताही शब्द झाकून तुम्ही प्रश्न विचारू शकता. आत्यासारखंच.

मग एकट्या प्रोलॉगने भागत का नाही? दोन कारणं सांगते. एक, प्रोलॉगमध्ये मधल्या प्रत्येक उत्तराला नाव द्यावं लागतं. 'राधाच्या आईचा भाऊ' असं एका दमात म्हणता येत नाही. 'राधाची आई आ, आणि आ चा भाऊ म' असं तोडून सांगावं लागतं. दोन, प्रोलॉग दिलेल्या क्रमाने सगळं तपासत जातं. लागेल तेवढंच काम करण्याचा आळशी गुण तिच्यात मुळात नाही.

आणि हॅस्केलचं काय अडतं? 'आई' हे फंक्शन म्हणून ठीक आहे, प्रत्येकाला एकच. पण मामा दोन असतील, एकही नसेल. मग मामांची यादी परत करावी लागते, आणि ते फंक्शन वापरणाऱ्या प्रत्येकाला त्या यादीचं ओझं वाहावं लागतं. शिवाय उलटा प्रश्न विचारायचा तर 'भाचे' नावाचं वेगळं फंक्शन लिहा.

दोघांचं मिळून कसं दिसतं

या दोघांना एकत्र आणणाऱ्या भाषांमधली मी वापरते ती करी. माझ्या इथल्या शेजाऱ्यांना अजूनही वाटतं की मी स्वयंपाकावर संशोधन करते. नाव खरं म्हणजे तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल ब्रूक्स करी यांचं आहे: पहिलं नाव एका भाषेला गेलं, आडनाव दुसरीला. करीची मांडणी १९९५ मध्ये मिखाएल हानुस, हर्बर्ट कूखेन आणि होआन होसे मोरेनो-नावारो यांनी केली.

रचना करीची ठेवून शब्द मराठीत लिहिते:

आई राधा = सुमन
आई निखिल = सुमन
आई अमेय = लता

भाऊ सुमन = दिनकर
भाऊ सुमन = वसंत

मामा क = भाऊ (आई क)

'भाऊ सुमन' ला दोन उत्तरं आहेत. हॅस्केलमध्ये अशा वेळी फक्त पहिली ओळ चालली असती. करीत दोन्ही ओळी खऱ्या. 'मामा राधा' विचारलं की दिनकर आणि वसंत, दोन्ही उत्तरं मिळतात, आणि 'मामा' ची व्याख्या मात्र आपण बोलतो तशीच राहते: आईचा भाऊ.

आता उलटं विचारू. 'मामा क' म्हणजे वसंत, तर क कोण?

इथे खरा पेच आहे. फंक्शनला आत काहीतरी दिलं तर ते चालणार, आणि आपण दिलंय काय, तर एक रिकामी जागा. 'आई क' काढायचं कसं? याला संशोधनात दोन उत्तरं निघाली.

पहिलं: थांबा. क कोण ते दुसरीकडून कळेपर्यंत हा हिशेब बाजूला ठेवा. याला 'रेसिड्युएशन' म्हणतात. आकड्यांच्या बेरजा-वजाबाक्यांसाठी हे शहाणपणाचं आहे, कारण कोणत्या दोन संख्यांची बेरीज हे अंदाजाने शोधायला बसलात तर अंत नाही. पण दुसरीकडून कोणी काही सांगितलंच नाही, तर थांबलेला हिशेब थांबलेलाच राहतो.

दुसरं: अंदाज बांधा, पण मनाला येईल तो नाही. 'आई' च्या ओळी बघा. तिथे राधा, निखिल आणि अमेय एवढीच नावं आहेत, म्हणजे क यांपैकीच कोणीतरी. क ला राधा धरलं तर आई सुमन, सुमनचे भाऊ दिनकर आणि वसंत; वसंत जुळला. निखिलचंही तसंच. अमेय धरला तर आई लता, पण लताला भाऊ असल्याची ओळच नाही. ती वाट तिथेच संपली. उत्तर: राधा आणि निखिल. रिकामी जागा नियमाला हवी तेवढीच भरायची आणि मग नियम लावायचा, या जोडकामाला 'नॅरोइंग' म्हणतात. भरण्याचं काम लॉजिक घराण्याचं, नियम लावण्याचं काम फंक्शनल घराण्याचं. फंक्शनल भाषांची अंमलबजावणीच या मार्गाने करता येईल, असं उदय रेड्डी यांनी १९८५ मध्ये एका निबंधात मांडलं होतं.

पंगतीचा हिशेब

नॅरोइंगचा धोका उघड आहे. प्रत्येक रिकाम्या जागी अंदाज बांधत सुटलो, तर फाटे फुटत जातात आणि संगणक त्यांतच हरवतो. म्हणून पुढचा प्रश्न असा: कमीत कमी अंदाज कसे बांधायचे?

लग्नघरातलंच उदाहरण घेऊ. पाहुण्यांची यादी आणि ताटांची यादी; ताटं पुरतील का?

पुरतील [] ताटं = हो
पुरतील (एक : पाहुणे) [] = नाही
पुरतील (एक : पाहुणे) (ताट : ताटं) = पुरतील पाहुणे ताटं

[] म्हणजे रिकामी यादी, आणि (एक : पाहुणे) म्हणजे पुढे एक जण, मागे उरलेले. एकेक पाहुणा एकेका ताटावर बसवत जायचं. पाहुणे आधी संपले तर 'हो', ताटं आधी संपली तर 'नाही'.

समजा पाहुण्यांची यादी अजून माहीत नाही, आणि ताटं मोजायला कोठीघर उघडून सगळी भांडी बाहेर काढावी लागणार आहेत. आधी काय करायचं? नियम नीट बघा. तिन्ही ओळी पाहुण्यांच्या यादीबद्दल काहीतरी ठरवून मागतात. ताटांबद्दल पहिली ओळ काहीच विचारत नाही. म्हणजे आधी पाहुण्यांबद्दल अंदाज. कोणीच नाही असं धरलं, तर उत्तर 'हो', कोठीघराचं कुलूपसुद्धा काढायला नको. निदान एक जण आहे असं धरलं, तर आणि तरच ताटांकडे वळायचं, आणि तेही एक तरी ताट आहे का, एवढंच बघायला.

'गरजेपुरतं नॅरोइंग' ते हेच. सर्जिओ अँटॉय, राशिद एशाहेद आणि मिखाएल हानुस यांनी ते १९९४ मध्ये मांडलं. ज्या फंक्शन्सचे नियम असे फांद्याफांद्यांनी, एकावेळी एका जागेचा प्रश्न विचारत मांडता येतात, त्यांच्यासाठी त्यांनी सिद्ध केलं की या पद्धतीत एकही उत्तर निसटत नाही, प्रत्येक पायरी खरोखर लागणारीच असते, आणि तेच उत्तर दोन वाटांनी पुन्हा पुन्हा शोधलं जात नाही.

मला यातली गंमत ही वाटते की आळस इथे दोनदा कामाला येतो. हॅस्केलमध्ये आळसामुळे फुकटचं काम वाचतं. करीत त्याच आळसामुळे फुकटचा अंदाज वाचतो, आणि एक अंदाज वाचला की त्याच्या पोटातले सगळे फाटे वाचतात. म्हणजे लॉजिक घराण्याचा सगळ्यात जुना त्रास फंक्शनल घराण्याच्या एका सवयीने हलका झाला. इथपर्यंत सोयरीक छान जमलेली दिसते.

आणि मग माझी चूक

पीएचडीत मी करीच्या कंपायलरसाठी प्रोग्रॅम सुटसुटीत करून देणारा एक भाग लिहीत होते. त्यातला एक बदल अगदी साधा: एखाद्या नावापुढे छोटीशी व्याख्या असेल, तर नाव काढून तिथे थेट व्याख्याच ठेवायची. फंक्शनल भाषांचे कंपायलर हे रोज करतात. त्याची सिद्धता मी त्यांच्याकडूनच उचलली होती, चार ओळी इकडच्या तिकडे करून.

हे किती घातक आहे ते राधाच्या लग्नावरून सांगते. आपल्याकडे नवरीला बोहल्यावर आणतो तो मामा, आणि मंगलाष्टकांच्या वेळी तिच्या पाठीशी उभा राहतो तोही मामा. दोन्ही कामं एकच मामा करणार असं ठरलं असेल, तर लिहायचं असं:

मान मुलगी = (म, म) जिथे म = मामा मुलगी

'मान राधा' ची उत्तरं दोन: (दिनकर, दिनकर) किंवा (वसंत, वसंत). आता माझा 'साधा' बदल करा आणि म च्या जागी त्याची व्याख्या ठेवा:

मान मुलगी = (मामा मुलगी, मामा मुलगी)

आता उत्तरं चार. आणायला दिनकर, पाठीशी वसंत, असंही चालतं. म हे नाव होतं तेव्हा मामा एकदाच निवडला जात होता. नाव गेलं आणि प्रत्येक जागी निवड नव्याने होऊ लागली.

हॅस्केलमध्ये एकदा काढलेलं उत्तर जपून ठेवणं ही निव्वळ काटकसर आहे. ठेवलं नाही तर तेच काम दोनदा होईल, वेळ जाईल, पण उत्तर तेच येईल. करीत जपून ठेवणं हा अर्थाचाच भाग आहे. ठेवलं नाही तर उत्तर बदलतं. एका घरातली काटकसर दुसऱ्या घरात गेल्यावर तिथला कायदा झाली, आणि मी मात्र तिला काटकसर समजूनच वागत होते.

इतकं उघड उदाहरण मला तेव्हाही चुकवता आलं असतं. व्याख्या एकाच जागी वापरली असेल तरच बदल करायचा, अशी अट मी घातलीच होती. पण एका प्रोग्रॅममध्ये ती एकुलती एक जागा एका निनावी फंक्शनच्या पोटात होती, आणि ते फंक्शन पुढे दोनदा बोलावलं जात होतं. लिहिताना जागा एक, चालताना दोन. प्रबंध द्यायला सहा आठवडे उरले होते, तेव्हा एका चाचणीत तीनऐवजी पाच उत्तरं आली. दोन दिवस मी चाचणीलाच दोष देत होते. तिसऱ्या दिवशी सिद्धतेची ती उचललेली ओळ सापडली. 'समान गोष्टीच्या जागी समान गोष्ट ठेवली' एवढंच तिथे लिहिलं होतं.

एक अख्खं प्रकरण काढून टाकावं लागलं, पाच महिने मुदत वाढवून घेतली, आणि व्हिसाचे कागद पुन्हा भरण्यात जो काळ गेला तो तुमच्यातल्या अनेकांना सांगायला नको. वाईट या गोष्टीचं वाटलं की हा प्रश्न माहीत असलेला होता. 'निवड कधी करायची' हा वाद या क्षेत्रात जुना आहे. तो बहुधा मामाऐवजी छापा-काट्याच्या उदाहरणाने सांगतात, एवढंच. माद्रिदच्या संशोधकांनी १९९९ मध्ये त्यासाठी तर्काची एक नीटस चौकट मांडली, ज्यात फंक्शनला दिलेल्या गोष्टीची निवड एकदाच होते आणि सगळीकडे तीच लागू होते. ते निबंध मी वाचले होते. पण ते 'लॉजिकच्या बाजूचे' म्हणून एका कप्प्यात, आणि माझी सिद्धता 'फंक्शनलच्या बाजूची' म्हणून दुसऱ्या कप्प्यात.

एक खुलासा करते, कारण इथे हमखास गोंधळ होतो. निवड एकदाच करायची म्हणजे ती लवकर करायची असं नाही. कोणता मामा, हे अगदी मुहूर्ताच्या मिनिटाला ठरलं तरी चालतं. कोणी विचारलंच नाही, तर ठरवायचीही गरज नाही. पण एकदा ठरला की सगळीकडे तोच. आळस आणि एकवचनीपणा दोन्ही सांभाळायचे, हीच या भाषा घडवण्यातली मुख्य मेहनत आहे.

हे कोण वापरतं?

आई दर फोनवर विचारते, म्हणून इथेही सांगून टाकते. करी मुख्यतः संशोधनात आणि शिकवण्यात वापरतात. तिचे दोन मोठे कंपायलर आहेत. पॅक्स करीचं प्रोलॉगमध्ये भाषांतर करतो, किक्स-२ हॅस्केलमध्ये. म्हणजे हे घर सासर-माहेर दोन्हींच्या आधाराने उभं आहे.

पण कल्पना बाहेर पडल्या आहेत. तुमच्यातले जे फोर्टनाइट खेळतात, त्यांच्यासाठी: ते बनवणाऱ्या एपिक गेम्सने २०२३ मध्ये खेळाचे नवे भाग रचण्यासाठी व्हर्स ही भाषा खुली केली. हॅस्केलच्या शिल्पकारांपैकी सायमन पेटन जोन्स आणि लेनार्ट ऑगस्टसन तिच्यावर काम करणाऱ्यांत आहेत, आणि त्याच वर्षी त्यांनी सहकाऱ्यांबरोबर तिचा गणिती गाभा निबंधात मांडला. ती फंक्शनल-लॉजिक भाषा आहे. तिथे अनेक उत्तरं डावीकडून उजवीकडे ठरलेल्या क्रमाने येतात, कारण खेळात आज एक आणि उद्या दुसरं झालेलं चालत नाही. आणि एका नावाला एका वेळी एकच किंमत, हा नियम तिथेही आहे. तो निबंध वाचताना त्या ओळीपाशी मी जरा थांबले, हे कबूल करते.

प्रश्न अजून संपलेले नाहीत. एक सांगते: शोध घेताना संगणक एक वाट सोडून दुसरी धरू शकतो, पण पहिल्या वाटेवर असताना कोणाला निरोप पाठवला असेल तर तो परत घेता येत नाही. जगाच्या दोन प्रती काढता येत नाहीत. करीने त्यावर सरळ बंधन घातलंय: बाहेरच्या जगाशी बोलताना वाटा फुटलेल्या चालणार नाहीत, आधी शोध संपवा, उत्तरं गोळा करा, मग बोला. पण गोळा करताना आळस किती ठेवायचा आणि निवडी कुठे सामायिक धरायच्या, यात पुन्हा मामाचाच प्रश्न उभा राहतो. सध्या माझं काम तिथेच चाललंय.

करून बघायचं असेल, तर वरच्या ओळींत आपल्या घरची नावं घाला आणि 'मावशी', 'आत्या', 'मामेभाऊ' यांच्या व्याख्या लिहा. 'मावशी क' म्हणजे 'बहीण (आई क)', सोपं आहे. मग दोन भावंडांची एकच मावशी शोधणारी ओळ लिहा, एकदा मावशीला नाव देऊन आणि एकदा न देता, आणि उत्तरं मोजा. नातं आठवत नसेल, तर घरी फोन करा. आत्याला हे सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "एवढ्यासाठी पाच महिने? मला विचारायचंस. मामा एकदा ठरला की ठरला."